बुटात लपवलेला पेपर

प्रश्न : ताई, माझा मुलगा तिसरीत आहे. आम्ही नाशिकला असतो, मी नोकरी करते, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी त्यामुळे अभ्यास माझ्याकडेच. रोज साडेसातला त्याला घेऊन बसते आणि आठ वाजेपर्यंत माझा हात सुटतोच. पाठीत धपाटा, नाहीतर दंडाला चिमटा. खूप नाही मारत हो, पण रोज होतं. परवा त्याचे शाळेचे बूट धुवायला काढले तर आत गणिताच्या युनिट टेस्टचा पेपर घडी करून कोंबलेला, २० पैकी ७, तीन आठवड्यांपूर्वीचा. म्हणजे तीन आठवडे हे पोर तो पेपर पायाखाली घालून शाळेत जात होतं. मला रडूच आलं. त्याला काही बोलले नाही, बूट वाळल्यावर पेपर परत तसाच आत ठेवला. सासूबाई म्हणतात थोडा मार दिल्याशिवाय मुलं वळणावर येत नाहीत, मैत्रीण म्हणते बोटसुद्धा लावू नकोस. मी काय करू?

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या वाळलेल्या बुटापाशी थांबले. पेपर परत ठेवलास ना, तिथेच तुला अर्धं उत्तर कळलंय. इतक्या दिवसांच्या धपाट्यांनी त्याला हातच्याची वजाबाकी आली नाही पण पेपर कुठे लपवायचा ते मात्र पक्कं आलं. आणि आज पेपर लपवतोय, उद्या शाळेत कुणी त्रास दिला, कुणी नको तिथे हात लावला तरी तो घरी येऊन सांगणार नाही, ही माझी खरी काळजी आहे.

आता एक कर, घड्याळाकडे बघ. धपाटा साडेसात ते आठच्या मधेच का पडतो? रविवारी सकाळी पडतो का? तू ऑफिसातून आलेली, कुकर लावलेला, कणीक मळायची बाकी, तो दिवसभर शाळा करून पेंगुळलेला आणि भुकेलेला, आणि त्याच वेळी सातचा पाढा. भूक, झोप आणि भीती तिन्ही एकदम असली की येत असलेला पाढासुद्धा आठवत नाही, आणि तो अडखळला की तुला वाटतं मुद्दाम करतोय. आधी खाऊ घाल. अभ्यास वीसच मिनिटं, जमलं तर सकाळी. राग चढायला लागला की आधी आपल्यालाच कळतं, आवाज चढतो, दात आवळले जातात, तेव्हा "मला राग आलाय, मी पाच मिनिटांनी येते" म्हणून सरळ उठ आणि गॅलरीत जा. पहिले काही दिवस जमणार नाही. एखाद्या दिवशी हात सुटेलही, मग त्याला जवळ घेऊन सांग की मी मारलं ते चुकलं. आईने माफी मागितली म्हणून मुलं डोक्यावर बसत नाहीत गं, मी इतक्या वर्षांत एकही बघितलं नाही.

आणि तो पेपर. "बुटात पेपर सापडला, मी ओरडणार नाहीये" एवढंच म्हण आणि आधी जे ७ मार्क मिळालेत ती गणितं त्याच्याकडून समजून घे, त्याला शिकवू दे तुला. चुकलेली नंतर, एकेक.

मारायचं नाही म्हणजे मोकाट सोडायचं असं मी म्हणत नाहीये. टीव्ही बंद म्हणजे बंद, पाणी सांडलं तर फडकं घेऊन त्यानेच पुसायचं, बहिणीला ढकललं तर खेळ तिथेच थांबला. हे रोज न चुकता करायला धपाट्यापेक्षा जास्त ताकद लागते, खरंय, म्हणून सासूबाईंना आणि मिस्टरांना यात घे, एकटीने ओढू नकोस.

मी स्वतः मारलंय म्हणून सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या टेबलावर लाकडी पट्टी असायची. एकदा दुसरीतल्या एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं, मी प्रश्न विचारायच्या आधीच त्याने हात पुढे केला, तळवा वर करून, डोळे मिटून. मला त्याला विचारायचं होतं की तुझं दप्तर कुठाय. त्यानंतर ती पट्टी फक्त फळ्यावर रेघा मारायला वापरली, पण तो हात अजून दिसतो मला.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला. आमच्या मास्तरांनी वेताची छडी उजव्या तळहातावर इतकी ओढली की दोन दिवस घास धरता येईना. वडिलांचा पट्टाही खाल्ला. तरी आम्ही घडलो, नोकऱ्या केल्या, घरं बांधली. आता सून नातवाला तासतासभर समजावत बसते. ही परदेशी थेरं आपल्याकडे कशाला?

उत्तर : काका, साठ वर्षांनंतर छडी कोणत्या तळहातावर बसली ते तुम्हाला आठवतंय, गणित कोणतं चुकलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. बहुतेक आठवतच नसणार. तुम्ही घडलात ते तुमच्या कष्टाने घडलात, त्याचं श्रेय छडीला देऊ नका. आणि तुमच्याच वर्गात माराच्या धास्तीने शाळा सोडून गुरं राखायला गेलेली मुलं असतील की नाही? ती आज "आम्ही घडलो" असं पत्र लिहायला येत नाहीत.

परदेशी म्हणाल तर गुजरातमधले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं तेच मुळी मार आणि धाक बाजूला ठेवून. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत होत्या, पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी पालघरकडच्या बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत या म्हणून दटावण्यापेक्षा शाळाच कुरणावर नेली. हे सगळं आपल्याच मातीतलं आहे काका.

बाहेरचंही सांगते. १९७९ मध्ये स्वीडनने घरातल्या माराला कायद्याने बंदी घातली, जगातला पहिला देश, आणि कायद्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली म्हणजे सकाळी नाश्त्याला सगळं घर ती वाचेल. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ५० वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले, दीड लाखाहून जास्त मुलांचे. बेदम मार वगळून, साध्या फटक्यांपुरतंच बघितलं, तरी फटके खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा, मनाचे त्रास आणि आईवडिलांशी दुरावा जास्त दिसला. यावर आक्षेप असा की मुळात हूड मुलंच जास्त मार खातात, मग दोष माराचा कसा? आक्षेप रास्त आहे, मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण दुसऱ्या एका अभ्यासात मुलं ३ वर्षांची असताना आणि पुन्हा ५ वर्षांची झाल्यावर बघितलं, आधीचा हूडपणा हिशोबात धरला, तरी वारंवार फटके खाल्लेली मुलं पुढे जास्त आक्रमक निघाली. वाद अजून चालू आहेत, पण फटक्याने मूल सुधारतं असं ठामपणे सांगणारा पुरावा काही पुढे आलेला नाही.

सून तासभर समजावते ते मात्र मलाही जास्त वाटतं. दोन वाक्यं पुरेत, लांबलचक बोलण्याने मुलं कान बंद करतात. हे तिला तुम्ही प्रेमाने सांगा, तुमचं ऐकेल.

प्रश्न : वही विसरली म्हणून पाचवीतल्या मुलीला वर्गात सगळ्यांसमोर पूर्ण तासभर अंगठे धरून उभं केलं. तक्रार केली तर बाई डूख धरतील अशी भीती वाटते.

उत्तर : भीती समजते, पण गप्प राहू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे आणि अंगठे धरायला लावणं दोन्हींत बसतं. २००७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, म्हणजे तुमची मुलगी एकटी नाही आणि वर्गातले बाकीचे पालकही हेच घाबरून बसलेत. दोघातिघांना सोबत घ्या. आधी बाईंशीच शांतपणे बोला, कारण पुष्कळदा ७० मुलांच्या वर्गात एकट्या बाई थकलेल्या असतात, तुमच्या घरी तुम्ही थकता तशाच. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, तारीख घालून, पोच घेऊन. मग शाळा व्यवस्थापन समिती, गटशिक्षणाधिकारी, त्यापुढे राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोग. मुलीला इजा झाली किंवा ती फार घाबरली असेल तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, रात्रीसुद्धा उचलतात. आणि अर्ज देण्याआधी मुलीला विचारा की तुला काय वाटतं, आम्ही जाऊन बोललो तर चालेल का.