मोरी नसलेलं घर : जर्मनीतल्या भाड्याच्या घराविषयी वाचकांचे प्रश्न

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या किंवा तिथं पोहोचलेल्या मुलांच्या घरच्यांनी विचारलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत.

राजारामपुरी, कोल्हापूर : लेकीला श्टुटगार्टमध्ये घर मिळालं. करारात भाड्याचे दोन आकडे आहेत. वर तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतात. एकरकमी भरायचं का? ताबा घेताना काय बघावं?

लहान आकडा ‘काल्टमीटे’, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. मोठा ‘वार्ममीटे’. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई यांची अंदाजी रक्कम धरलेली असते. वर्षाचा हिशेब झाला की कमी पडलेली रक्कम मागून घेतात, जास्तीची परत देतात. घरातली वीज बहुधा या दोन्हींत नसते.

डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायची मुभा कायद्यानंच दिली आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. घर बघायच्या आधी, किल्ली कुरियरनं पाठवतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक पैही पाठवू नका. असली फसवणूक तिथं सर्रास होते.

ताब्याच्या दिवशी दोघांच्या सहीचा पंचनामा होतो. त्याला ‘युबरगाबेप्रोटोकॉल’ म्हणतात. त्या दिवशी घाई करू नका, कारण घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं ते या कागदावरून ठरतं. फरशीवरचा ओरखडा, सिंकची टिचलेली कड, न लागणारी खिडकी, सगळं खोलीवार लिहून घ्या. विजेच्या मीटरचा नंबर आणि रीडिंग, हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्या किती, तेही लिहा आणि प्रत्येकाचा फोटो काढा. एक किल्ली हरवली तरी कधी कधी सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येतो. तेव्हा ‘हाफ्टफ्लिष्ट’ विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, पहिल्याच आठवड्यात काढा, आणि त्यात किल्ली हरवण्याची भरपाई आहे का ते वाचून घ्या.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी मालकाच्या सहीचा ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. नोंद झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. ती दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे, माणशी नाही. तिघी मैत्रिणी एकत्र राहत असतील तर एकीनंच भरायची.

शाहूपुरी, कोल्हापूर : मुलगा-सून लाइपझिगला असतात. कपाटामागची भिंत काळी पडली आहे. मालक म्हणतो, तुमच्या राहण्यामुळं झालं. आपल्याकडं आषाढात भिंतींना ओल येते, तसाच प्रकार का?

नाही, तिथं उलटं होतं. आपल्याकडं ओल बाहेरून, पावसानं येते. तिथं हिवाळ्यात ती घरातूनच तयार होते. कुकरची वाफ, गरम पाण्याची अंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ उबदार हवेत मुरते आणि थंड बाहेरच्या भिंतीला लागली की तिथं पाणी सुटतं. कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागं हवा खेळत नाही. मग बुरशी धरते.

उपाय असा. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, थंडीत पाच मिनिटं, शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन. तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा. आपल्या सवयीनं खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत गारठते आणि बुरशी नेमकी तिथंच येते. कपाट भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर पुढं ओढा. हीटरच्या खुंटीवरचा ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर फिरवल्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. झोपायची थंड खोली दार उघडं टाकून हॉलच्या उबेवर तापवू नये, कारण उबेबरोबर वाफही आत जाते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणून ठेवा, काटा ४० ते ६० टक्क्यांत राहू द्या.

डाग लहान असेल, अर्ध्या चौरस मीटरच्या आत आणि वरवरचा, तर हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून ७० ते ८० टक्के अल्कोहोलनं पुसता येतो. जवळ ज्योत नको. वरून रंग मारून झाकू नका, बुरशी पुन्हा डोकं वर काढते. पण पुसायच्या आधी फोटो काढा आणि मालकाला लगेच लेखी कळवा. नळ पाझरत असेल किंवा भिंतीतच दोष असेल तर दुरुस्ती त्यानं करायची, मात्र कळवायला उशीर झाला तर दोष भाडेकरूवर येऊ शकतो. आपल्या मनानं भाडं कापू नका, आधी भाडेकरू संघटनेचा सल्ला घ्या.

कागल : मुलगा आयटीआय वायरमन आहे. तिकडच्या घरात छतातून नुसत्या वायरी लोंबतात. दिवे स्वतः लावले तर चालतील का? बाथरूममध्ये मोरीही नाही म्हणतो.

भाडेकरू दिवे काढून नेतात, म्हणून वायरी तशा दिसतात. पण इथल्या वायरमनचा हात नेमका तिथं चुकतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल असते. तिथं काळी किंवा तपकिरी वायर फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या इमारतींत रंग याहूनही वेगळे असू शकतात. म्हणून भिंतीवरच्या बटणावर भरवसा नको. फ्यूज पाडायचा, दोन टोकांच्या टेस्टरनं तपासायचं, मगच हात लावायचा. स्वयंपाकाच्या शेगडीची जोडणी ४०० व्होल्टची असते, ती तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

बाथरूमच्या फरशीला बहुधा ना उतार असतो, ना जाळी. बादली-तांब्यानं अंघोळ करायची तर शॉवरच्या खोलगट भागात किंवा टबातच. फरशीवर सांडलेलं पाणी फटीतून खालच्याच्या छताला उतरतं. अंघोळीनंतर फरशी लगेच कोरडी करायची. फरशीवर पाणी ओतून घर धुणं तर विसराच.

गडहिंग्लज : लेकीबरोबर मिक्सर, कुकर, बिडाचा तवा आणि कांदा-लसूण चटणी द्यायची आहे. चालेल ना?

मिक्सर चालेल. तिथंही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच वीज आहे, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. आपली तीन पिनांची टोपी मात्र तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अर्थिंग जोडणारा अडॅप्टर घ्या. स्वस्तातल्या दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये अर्थिंग तुटतं आणि स्टीलच्या मिक्सरला हात लावताच शॉक बसू शकतो.

कुकरचं शेगडीवर अवलंबून आहे. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघा, घट्ट चिकटला तर चालेल. काचेखाली लाल होणारी साधी शेगडी असेल तर ॲल्युमिनियम चालतं, फक्त बूड सपाट हवं. बिडाचा तवा दोन्हींवर चालतो, पण सपाट बुडाचा. तो मंद आचेवर तापवा आणि काचेवर ओढू नका, उचलून ठेवा, नाहीतर ओरखडे उठतात आणि तेही डिपॉझिटमधून जातात. भाकरी जाळावर फुगवता येणार नाही. उलटल्यावर तव्यावरच कडेकडेनं फडक्यानं दाबली की फुगते.

चटणी बांधताना तेल कमी घाला आणि दुहेरी पिशवीत घट्ट बांधा. ती सुटकेसमध्येच ठेवा, हातातल्या बॅगेत नको. पण साजूक तूप, खवा, पेढे देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय अडतो.