पैशाचं पत्र येईपर्यंत

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आणि घरात मात्र सगळे तोंड पाडून बसलेत, हे वाचून आधी हसू आलं. मग पत्रं नीट वाचली. एका पीएचडीनं पैशाचं लेखी दिलंय. दुसरी, जी तुला खरी हवी आहे, तिचा ‘निधीचा निर्णय विचाराधीन’ आहे. तिसरा एमएसचा प्रवेश, तो तर तुझ्याकडूनच डिपॉझिट मागतोय. आणि अण्णा म्हणतात, हातचं जायला नको, भरून टाकू.

आत्ता काही भरायचं नाही.

अमेरिकेत या बाबतीत १५ एप्रिल ही तारीख पाळतात. तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या संघटनेचा, तसा ठराव आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी निधीसह दिलेल्या ऑफरचं उत्तर १५ एप्रिलच्या आधी मागायचं नसतं. सही केलेल्यांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे, तिन्ही नावं तपासून घे. नुसत्या प्रवेशाला, म्हणजे ज्यात विद्यापीठ पैसे देत नाही त्याला, हा ठराव लागत नाही. म्हणून तर एमएसवाल्यांना एवढी घाई. एखाद्या विभागानं निधीच्या ऑफरला त्याआधीची मुदत घातली असेल, तर ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे १५ पर्यंत वेळ मागायचा. त्यात उद्धटपणा काही नाही.

अण्णांना उसाच्या भाषेत सांग. ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची असं कायदा म्हणतो, तरी बिल खात्यावर जमा झाल्याशिवाय ते ट्रॅक्टरचा ॲडव्हान्स देत नाहीत. प्रवेशाचं पत्र ही काट्यावरची पावती झाली. बिल अजून यायचंय.

उशीर होतो तो तुझ्यात काही खोट आहे म्हणून, असं धरून बसू नकोस. विभाग पहिल्या फेरीत ज्यांना पैसे देऊ करतो, त्यातले काही जण दुसरीकडे जातात. ते नकार कळवतात एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, बरेचसे अगदी शेवटच्या दोन-चार दिवसांत, आणि मग तो पैसा खालच्या नावांकडे सरकतो. शिवाय एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पाचं अनुदानच मंजूर व्हायचं असतं. २०२५ मध्ये तर तिथल्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीचा भरवसा राहिला नाही म्हणून काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेशसुद्धा मागे घेतले. तेव्हा गप्प बसून वाट बघण्यापेक्षा विचार. विभागात प्रवेशाचं काम बघणाऱ्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला पाच-सहा ओळींचा मेल पुरे: तुमचा विभाग माझी पहिली पसंती आहे, दुसरीकडून निधीसह ऑफर आहे, निर्णय साधारण कधी होईल आणि मी प्रतीक्षायादीवर आहे का. पसंतीचं खरं असेल तरच लिही. तीनही ठिकाणी ‘पहिली पसंती’ लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. संध्याकाळी सातला पाठव, तिकडं पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ झालेले असतात.

आता ते लेखी आलेलं पत्र. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, दुसऱ्यात विद्यावेतनाचा आकडा ठळक अक्षरात. तू तिथंच थांबलीस बहुतेक. तिसऱ्यात लिहिलंय की ही रक्कम नऊ महिन्यांची. मग उन्हाळ्याचे तीन महिने भाडं कोण देणार? ट्यूशन माफ आहे, पण ‘फीज’ वेगळ्या आहेत आणि त्या माफ असल्याचं कुठं म्हटलेलं नाही. आरोग्य विम्याचा तर शब्दच नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि असिस्टंटशिप, म्हणजे विद्यावेतनाच्या बदल्यात करायचं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, बहुधा तेवढे तास खाऊनच टाकते. तेव्हा वरचा खर्च कँटीनमध्ये काम करून भागवू, हा हिशेब डोक्यातून काढ. विद्यावेतनाचे रुपये करून भावकीत सांगत बसण्यापेक्षा त्या गावातल्या एका खोलीचं भाडं किती ते शोध आणि त्यातून वजा कर.

सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी आहे: पहिल्या वर्षाची हमी, पुढं ‘निधी उपलब्ध असल्यास’. पीएचडी पाच वर्षं तरी चालते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. पुढं लंडनमध्ये अभ्यास चालू असताना तिची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना तो अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं. तेव्हा स्वतःची बचत, मित्राकडून उसने आणि आपल्या शाहू महाराजांची मदत असा मेळ बसला. असल्या विद्वानाची ही गत, तर रकमेच्या आधी मुदत बघायची. ‘आतापर्यंत पहिल्या वर्षानंतर कुणाचा निधी थांबलाय का?’ हे विभागाला विचारच, पण तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही विचार. ते मोकळेपणानं बोलतात.

इकडच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज जरूर कर. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतंय, राज्य सरकारच्याही योजना आहेत. पण त्यांचं वेळापत्रक १५ एप्रिलशी जुळेलच असं नाही, त्यामुळे सगळा डाव त्यांच्यावर लावू नकोस.

एमएसबद्दल माझं मत विचारलंस. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, एवढं चांगलं काम केलेल्या मुलीनं स्वतःच्या पैशानं एमएस करायला जावं, असं मला वाटत नाही. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते, आणि तुमच्याकडं तारण म्हणजे रान. एका वर्षाच्या घाईपायी सात-बारावर बोजा चढवू नये. दोन्ही पीएचडीतलं काही जमलं नाही, तर पुढच्या डिसेंबरला पुन्हा अर्ज करता येतो.

तुला नक्की नको असलेली जागा मात्र उगाच धरून ठेवू नकोस, दोन ओळींचा नकार आजच कळव. तुझ्यासारखंच कुणीतरी त्या यादीत खाली ताटकळत असेल.

जोतिबाच्या यात्रेला पाहुणे जमतील आणि जो तो ‘कुठलं ठरलं?’ म्हणून विचारेल. ‘ठरतंय’ म्हणायचं आणि पुरणपोळी वाढायची.

रविवारी मी घरीच आहे. अण्णांना घेऊन ये. डिपॉझिट परत मिळतं की नाही ती ओळ त्यांच्यासमोरच वाचू. तोपर्यंत मेलचा मसुदा पाठवून ठेव.

तुझे,
सर