गावाच्या नावापुढे बुद्रुक आणि खुर्द का लावतात? खुर्द म्हणजे कमी प्रतीचं गाव का? आणि वाडी, पाडा, तांडा यांत फरक काय?

मी खुर्दचा आहे. ‘कमी प्रतीचं’ वाचलं आणि लिहायला बसलो.

बुद्रुक म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, मराठी तोंडात बसलेला. अर्थ थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं शेजारी, बऱ्याचदा मधे नदी नाहीतर ओढा. सुलतानी अमदानीत महसुलाचं दप्तर फारसी वळणाचं, तिथे दोन गावांची गल्लत होऊ नये म्हणून हे शब्द चिकटले. उत्तरेत बुद्रुकऐवजी ‘कलां’ म्हणतात. अलिबागकडे सरळ मराठीत धाकटे शहापूर आहे. पुण्यात मुठेच्या एका बाजूला हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचं कर्वेनगर, आणि पलीकडे सिंहगड रस्त्याला हिंगणे खुर्द. यात प्रतीचा संबंध येतोच कुठे?

आमच्या दोन गावांमधे ओढा आहे. भावकी दोन्हीकडे, त्यामुळे आडनाव एक आणि पोरांना नावंही आजोबा-पणजोबांचीच. माझ्या वडिलांचं पूर्ण नाव बुद्रुकातल्या एका चुलत्यांच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळायचं. एका दुष्काळी वर्षी अनुदानाची यादी लागली, त्यात वडिलांच्या गावापुढचं ‘खु॥’ कुणीतरी गाळलं. पैसे गेले बुद्रुकात. चुलत्यांना वाटलं आपलेच आले, त्यांनी ते खर्चूनही टाकले. आईने त्या साली बियाणं उधारीवर आणलं. वडील सातबारा, आठ-अ आणि पासबुक पिशवीत घालून तालुक्याला हेलपाटे घालत राहिले. ‘गाव तर एकच दिसतंय की’ हे उत्तर त्यांनी किती टेबलांपुढे उभं राहून ऐकलं असेल! पैसे हाती पडले तेव्हा पेरण्या कधीच उरकल्या होत्या.

आणि पुढे त्याच गावात माझ्या थोरल्या चुलतभावाने ग्रामसभेत ठराव आणला, की ‘खुर्द’ काढून टाका. म्हणे पोरींच्या स्थळांना सांगताना कमीपणा वाटतो, शिवाय शब्द आपला नाही. मी उभा राहून विरोध केला. अरबी-फारसी आहे म्हणून काढायचं तर मौजे, तालुका, जिल्हा, जमीन, वसूल, काय काय काढणार? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी गावोगावचं बुद्रुक-खुर्द लोकांच्या तोंडून गेलं नाही, कारण ते रोजच्या उपयोगाचं होतं. दादाला मी सभेतच विचारलं, तुझ्या काकांनी तालुक्याचे हेलपाटे कशापायी घातले? ठराव बारगळला. दादाने मात्र मुलीच्या लग्नपत्रिकेवर नुसतं गावाचं नाव छापलं आणि नवऱ्याकडची एक जीप बुद्रुकातल्या देवळापुढे जाऊन थांबली.

तेव्हा तुमच्याकडे कुणी असं खूळ काढलं असेल तर सही करू नका. आधार, रेशनकार्ड, बँकेचं खातं, जिथे जिथे गावाचं नाव येतं तिथे बु॥ की खु॥ हे लिहूनच घ्या. कारकून ‘चालतंय’ म्हणाला तरी ऐकू नका.

तुमचा बाकीचा प्रश्न थोडक्यात. मूळ गावाच्या शिवारात वसलेली लहान वस्ती ती वाडी. कोकणात तर एकेका गावात वाड्याच वाड्या. पाडा म्हणतात पालघर, नंदुरबारकडे, आदिवासी वस्तीला. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून फिरणारा बंजाऱ्यांचा काफिला म्हणजे तांडा. तो एका जागी स्थिरावला, त्या वस्तीलाही तांडाच म्हणत राहिले.

एक सांगायचं राहिलं. थोरलं-धाकटं हे नाव पडलं तेव्हाचं. आज कितीतरी खुर्द आपल्या बुद्रुकाहून मोठी झालीत, तेव्हा नावावरून लोकसंख्या ठरवू नका. आणि गावाचं, वस्तीचं नाव कधी बदलूच नये असंही मी म्हणत नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं, ते योग्यच केलं. त्या नावांनी तिथल्या माणसांना पत्ता सांगतानाही अपमान गिळावा लागायचा. ‘खुर्द’ने कुणाचा अपमान होतो, हे दादाने मला अजून सांगितलेलं नाही.