सही करण्याआधी

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. देश संकटातून उभा राहतोय, लोक ढिगारे उपसतायत, आणि आपण मात्र टेबलाशी बसून इमारतींचे आराखडे तपासतोय, याची लाज वाटते असं तू लिहिलंस. लाज वाटण्यासारखं त्यात काहीही नाही. माझ्या मते या घडीला तुझ्या टेबलाइतकी मोक्याची जागा फार थोड्या लोकांच्या वाट्याला आली आहे.

२०१० साल आठव. १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि दीड महिन्याने, २७ फेब्रुवारीला, चिलीत ८.८ चा. चिलीतल्या भूकंपाची ऊर्जा सुमारे ५०० पट होती, तरी तिथे त्सुनामीचे बळी धरून पाचशेच्या आसपास माणसं गेली. हैतीतल्या मृतांच्या आकड्यावर अजून एकमत नाही, पण बहुतेक अंदाज लाखाच्या पुढे जातात. हैतीचा भूकंप राजधानीला खेटून झाला आणि चिलीचा समुद्राखाली, हा फरक मोठा आहे. तरीही एवढ्याने हिशेब लागत नाही. चिलीने १९६० मध्ये ९.५ चा भूकंप सोसला होता. तिथे बांधकामाचे नियम कडक होत गेले, आणि दहा वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर ती बांधून विकणाऱ्या मालकाला कायद्याने जबाबदार धरलं जाऊ लागलं. हैतीत नियम पाळले जातात की नाही हे बघणारी यंत्रणाच जवळपास नव्हती. तुझ्यासारखी माणसं त्या खुर्च्यांवर नव्हती, असं म्हण हवं तर.

म्हणून कागदावर थांबू नकोस. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जा, कारण एकदा काँक्रीट ओतलं की आतलं काही दिसत नाही. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बांधलेल्या आडव्या रिंगा बघ. बीमच्या जोडाजवळ त्या दाट बांधल्यात का? त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवलीत का? काटकोनात वळवलेली रिंग हादऱ्यात काँक्रीटचा वरचा थर सुटला की उघडते, उभ्या सळ्या बाहेर फाकतात आणि कॉलम बसतो. आतली माणसं वाचणं न वाचणं इतक्या बारीक गोष्टीवर ठरतं.

घाई हा पुनर्उभारणीतला सगळ्यात मोठा धोका. लोक तंबूत आहेत, नियम नंतर बघू, हे तुला रोज ऐकावं लागेल, आणि सांगणारे बहुधा मनापासून सांगत असतील. त्याच हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये कॉलरा पसरला. मदतीसाठी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरचं मैलापाणी नदीच्या पाण्यात गेलं होतं. सुमारे १०,००० लोक दगावले आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. मैला नीट साठवणं आणि योग्य जागी टाकणं, एवढं साधं काम तिथे कुणी धड बघितलं नाही. मला हे आठवलं की आजही संताप येतो.

आणखी एक सांगायचंय. शिकलेली माणसं कधीच पुरी पडत नाहीत. १९९४ च्या नरसंहारात रवांडातले कितीतरी न्यायाधीश आणि वकील मारले गेले किंवा परागंदा झाले. तुरुंगात लाखाच्या वर आरोपी होते. शेवटी गावोगावी लोकांनी निवडलेले सामान्य नागरिक ‘गचाचा’ नावाच्या गावपातळीवरच्या न्यायालयांत न्यायाधीश म्हणून बसले, आणि २०१२ मध्ये ती बंद होईपर्यंत सुमारे १९ लाख खटले निकाली निघाले. आरोपीला वकील मिळत नसे, निकालांवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. पण नियमित न्यायालयांवर विसंबून राहिले असते तर आरोपी तुरुंगातच म्हातारे झाले असते. तुझ्या भागातलीही बहुतेक घरं इंजिनिअर नव्हे, गवंडीच बांधणार आहेत. त्यांना रिंग कशी वळवायची ते हाताने करून दाखव, आणि त्यांच्याकडून शिकायला लाजू नकोस.

आता त्या फाइलबद्दल, जिच्यावर सही कर म्हणून तुझ्यामागे लकडा लागलाय. तोंडी वाद घालू नकोस. हरकत लेखी दे, तारीख घाल, नेमका कुठला कॉलम आणि काय कमी आहे ते लिही. दुरुस्ती कशी करायची आणि त्याला किती दिवस लागतील हेही त्याच पत्रात दे, म्हणजे अडवणूक केल्याचा ठपका येणार नाही. पत्राची पोच घे. खात्यातल्या एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला ते आधी दाखव. एकट्याने उभं राहणं कठीण जातं, दोघांना हलवणं तितकं सोपं नसतं. दुरुस्ती झाल्यावर स्वतः जाऊन बघ, मगच सही कर.

सस्नेह,
तुझा हितचिंतक