दाताच्या मागून दात

प्रश्न : माझा नातू सव्वासहा वर्षांचा आहे. परवा त्याला ब्रश करून देताना पाहिलं, तर खालच्या पुढच्या दोन दातांच्या मागून दोन नवे दात वर आलेत आणि दुधाचे अजून तिथेच आहेत, नुसते जरा हलतात. नव्यांच्या कडा करवतीसारख्या आहेत, रंगही पिवळट आहे. सुनेनं गरोदरपणात कॅल्शियमच्या गोळ्या नीट घेतल्या नव्हत्या, मी तेव्हाच बोलले होते. त्याचाच हा परिणाम का? नवे दात काढावे लागतील का?
– एक आजी, इस्लामपूर

उत्तर : आजी, आधी सुनेला सोडवते, मग दातांकडे वळते. या दोन दातांची कळी आईच्या पोटात धरते हे खरं. पण तिच्यात कॅल्शियम बसायला लागतं ते बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर. पोटात असताना, साधारण चौथ्या महिन्यापासून, घडायला लागतात ते दुधाचे दात. आणि नातवाच्या त्या दातांबद्दल तुमची काही तक्रार दिसत नाही. तेव्हा गोळ्यांचा विषय आता घरात काढू नका.

दात मागून आले, कारण खालच्या जबड्यात त्यांची मूळ जागाच दुधाच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला असते. नवा दात वर सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. ते काम करणाऱ्या खास पेशीच असतात. पडलेला दुधाचा दात उलटा करून बघा : मुळाच्या जागी खडबडीत खळगा असतो. लोकांना वाटतं, मूळ आत मोडून राहिलं. नाही, ते शरीरानं कुरतडून संपवलेलं असतं. (माझी आजी पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायला लावायची. कुरतडणारा उंदीर आतच होता, हे तिला सांगायचं राहून गेलं.) कधी नवा दात जरा जास्तच मागून चढतो, मूळ पुरतं विरघळत नाही आणि काही दिवस दोन रांगा दिसतात. नव्या दातांना कुणाला हात लावू देऊ नका. दुधाचे हलतायत, म्हणजे पडतील. नातवाला बोटानं हलवत राहू दे. ते पडले की जीभ नव्यांना हळूहळू पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत पडले नाहीत, तर मात्र दाखवा. काढायचे ते दुधाचेच.

करवतीसारख्या कडा उत्तम लक्षण आहे. पुढचा दात तीन उंचवट्यांनी घडतो, ते चावून चावून झिजतात. कराडला चौतीस वर्षं दवाखाना चालवला, त्यात ‘घासून सरळ करून द्या’ म्हणणारे पालक कितीतरी आले. मी एकालाही घासून दिलं नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. वजनात जवळजवळ ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. पण एकदा गेला की शरीर तो पुन्हा बनवत नाही. हाड मोडलं तर जुळतं, इनॅमल जुळत नाही.

पिवळेपणाही त्याच कवचामुळे. दुधाच्या दातांचं इनॅमल पातळ, पण दुधी काचेसारखं असतं, आतलं दिसू देत नाही. कायमच्या दाताचं जाड, तरी जास्त पारदर्शक. त्यातून खालचं पिवळसर डेंटिन दिसतं. दोन्ही शेजारी उभे राहिले की फरक डोळ्यांत भरतो, इतकंच.

आता तुम्ही न विचारलेलं. आज रात्री बॅटरी घेऊन नातवाचं तोंड उघडून बघा. खाली मधोमधपासून एका बाजूला मोजत जा : दुधाचे पाच, त्यातल्या शेवटच्या दोन दाढा. त्यामागे सहावी दिसली किंवा तिचं टोक डोकावत असलं, तर ती कायमची दाढ आहे. तिच्या जागी आधी काहीच नव्हतं, काही पडत नाही, दुखत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाला कळतच नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या या दाढेत आरपार खड्डा पाहिलाय मी, आणि शेजारी आई म्हणतेय, ‘दुधाचीच आहे ना, पडेल.’ ती पडायची नसते हो! तिच्या खाचा अरुंद आणि खोल असतात, ब्रशचा केस तळापर्यंत पोहोचत नाही. डॉक्टरांकडे गेलात तर ‘खाचा सील करता येतील का’ एवढं विचारा. टोचावं लागत नाही, कोरावं लागत नाही. पुढच्या दोन दातांची काळजी सोडा, ही दाढ सांभाळा.

प्रश्न : दाढ भरून आल्यापासून दात मिटले की तीच आधी लागते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर : घरच्यांचं ऐकू नका. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत असंख्य तंतूंनी तो झोळीत ठेवल्यासारखा टांगलेला असतो. या तंतूंमध्ये दाब ओळखणाऱ्या नसा असतात. दातांमध्ये केस आला तरी आपल्याला कळतो, तो त्यांच्यामुळे. भरलेलं सिमेंट तेवढंच उंच राहिलं असेल. परत जा, डॉक्टर निळा कागद चावायला देतील, ठिपका उमटेल तिथे घासतील. पाच मिनिटांचं काम आहे, पण लांबवू नका. रोज तिच्यावरच भार आला तर ती दाढ ठणकायला लागते.