बिनव्याजी पंच्याण्णव हजारांचा पीसी, की जुन्याचीच डागडुजी?

वाचकाचं पत्र थोडक्यात: वय ३१, चिंचवडला एका कंपनीत क्वालिटी विभागात. हातात पगार ४४ हजार, पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे १९ हजार. भाडं, घरखर्च आणि दुचाकीचा ३,४०० चा हप्ता (अजून ९ बाकी) धरून महिन्याला ४९ हजार जातात. ५ हजारांची एसआयपी आहे. बचत खात्यात १ लाख १० हजार. मुलगी दोन वर्षांची. डिप्लोमाचे आम्ही चार मित्र, एक मस्कतला, एक बंगळुरूला, एक नाशिकला. रात्री दहानंतर एकत्र गेम खेळतो. सध्या 'हेलडायव्हर्स २' चालू आहे आणि गर्दी झाली की माझा पीसी अडकतो. २०१९ साली जोडून घेतलेला: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), छोटी एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. दुकानदार म्हणतो, विंडोज १० बंद झालं, हा आता भंगार. जुना १५ हजारांत घेतो, नवा ९५ हजारांचा, वरचे ८० हजार क्रेडिट कार्डावर १८ बिनव्याजी हप्त्यांत. पुढे 'जीटीए ६' पण येतोय. पत्नीचं म्हणणं, खेळण्यासाठी एवढे पैसे? घेऊ का?

नमस्कार.

आधी पत्नीच्या प्रश्नाचं बघू, कारण तो टाळून घेतलेली वस्तू घरात रोज टोचते. दिवसभर गेज आणि रिजेक्शनच्या आकड्यांशी झुंजून आलेला माणूस आठवड्यातले सात-आठ तास जुन्या मित्रांबरोबर घालवतो, यात मला आर्थिक गुन्हा दिसत नाही. "हेच पैसे म्युच्युअल फंडात टाकले असते तर वीस वर्षांनी किती झाले असते" हे गणित मी तुम्हाला मांडून दाखवणार नाही. ते गणित कुठल्याही खर्चाला लावता येतं, आमरसालासुद्धा. पण घराच्या पैशातून तुमच्या हौसेसाठी रक्कम निघणार असेल, तर पत्नीच्या नावानेही तशी रक्कम निघायला हवी. तिचं काय करायचं ते त्या ठरवतील, हिशेब न देता.

आता हप्ता. ८० हजार भागिले १८ म्हणजे ४,४४४ रुपये. तुमच्याकडे सगळं वजा जाता ९ हजार उरतात, त्यामुळे हप्ता बसतो. घेतलात तर बुडणार नाही, हे आधीच सांगतो. पण बिनव्याजी या शब्दाची साल काढून बघू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. प्रत्यक्षात बँक व्याज लावते आणि दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते. १५ टक्के दर धरला, तर तुमच्या १८ हप्त्यांत साधारण ८,७५० रुपये व्याज लपलेलं आहे. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो मात्र कुणी सोडत नाही. म्हणजे पंधराशे-सोळाशे रुपये तुमच्या खिशातून गेलेच, वर प्रोसेसिंग फी. आणि ती ८,७५० ची 'सूट' रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती का, हे विचारायचं राहून जातं. दुकानात एवढंच विचारा, "आत्ता यूपीआय केलं तर कितीला?" आकडा खाली आला, की तो फरक म्हणजेच तुमचं व्याज.

दुकानदाराच्या बाकीच्या दोन गोष्टी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. पण रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत बसतो. बायॉसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम या सुरक्षेच्या सोयीचा पर्याय चालू करायचा आणि मोफत अपग्रेड करायचं. यात भंगार काही नाही. दुसरं, 'जीटीए ६' जाहीर झालाय तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एसवर, १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख देऊन. पीसीसाठी घोषणाच झालेली नाही. न आलेल्या पाहुण्यासाठी आजच मांडव कशाला घालायचा?

या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे, नवा पीसी घ्यायला ही वेळच वाईट आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, आणि ती बनवणारे मोठे कारखाने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच हातात आहेत. जिथे जास्त नफा, तिकडे माल. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्या-आमच्यासाठीचा 'क्रूशियल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या पीसीला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते, ती सगळी आजच्या भावाने घ्यावी लागेल, एसएसडीही महागलेली. तुमच्या बोर्डाला आधीच्या पिढीची डीडीआर४ चालते आणि त्यातली ८ जीबी तुमच्याकडे आधीच आहे. त्या १५ हजारांच्या 'एक्स्चेंज'मध्ये तुम्ही नेमकी हीच गोष्ट देऊन टाकणार होतात.

असा दुष्काळ मी घरात एकदा पाहिलाय. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी ग्राफिक कार्डं उचलली, कार्डाचे भाव दुपटीवर गेले. माझ्या मुलाला तेव्हाच कार्ड हवं होतं. मी थांब म्हणालो. त्याने जवळजवळ वर्षभर तोंड फुगवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच सोडली आणि तीच कार्डं बाजारात रस्त्यावर आली. मुलाला कार्ड मिळालं, मला माफी काही मिळाली नाही. रॅमचं असंच होईल अशी हमी मी देत नाही. टंचाईत जे घ्यायचं ते कमीत कमी घ्यावं, एवढंच त्यातून घेतलं.

आता तुमचा पीसी अडकतो म्हणजे नक्की काय होतं? चुकीचा भाग बदलला तर ते पैसे पाण्यात, त्यामुळे मला हा प्रश्न तांत्रिक कमी आणि पैशाचा जास्त वाटतो. निदान फुकट होतं, आणि एका रात्रीत.

पहिल्यांदा इंटरनेटचा गुन्हा वेगळा काढा. समोरचा राक्षस एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, पण कॅमेरा गुळगुळीत फिरतो, तर तो लॅग, म्हणजे इंटरनेटचा उशीर. त्यावर पन्नास हजारांचं कार्डही उपाय नाही. वाय-फाय सोडून राउटरपासून लॅन केबल ओढा, तीन-चारशे रुपयांत काम होतं. उलट माउस फिरवताना चित्रच झटके खात असेल, तर दोष यंत्रात.

मग गेममधली ग्राफिक सेटिंग आणि रिझोल्यूशन अगदी खाली आणून तोच गर्दीचा प्रसंग खेळा. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) चांगला वाढला, तर कार्ड दमलेलं आहे. जवळपास तेवढाच राहिला, तर प्रोसेसर किंवा रॅम. तेव्हाच टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघा. ८ जीबीत विंडोज, डिस्कॉर्ड, क्रोमचे चार टॅब आणि हा गेम बसवायचा म्हणजे एसटीच्या लाल डब्यात गणपतीची गर्दी. माझा पहिला संशय इथेच आहे, त्यातही तुमची ८ जीबी ही रॅमची एकच कांडी असेल तर. एका कांडीवर मेमरी सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने चालते आणि रायझनला ते चांगलंच जाणवतं. गेम हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा, जागेसाठी लग्नाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर टाका. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. चिंचवडची सहा वर्षांची धूळ आत असेल, तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू आहे का तेही बघा. जोडताना ते बरेचदा विसरलं जातं आणि रॅम डबीवर छापलेल्या वेगापेक्षा हळू चालत राहते.

एवढं करून मग खर्चाची पायरी. हिशेबासाठी मी किमती ढोबळ धरतो, तुमच्या कोटेशनने बदलून घ्या. पहिली पायरी दुसरी ८ जीबीची कांडी, ५ हजार. हो, हीच कांडी पूर्वी दीड-दोन हजारांत मिळायची, पण इथे भाव उतरायची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथेच पडेल. मग महिनाभर खेळा. अडकणं थांबलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

थांबलं नाही, तर तुमच्या बोर्डाची खरी किंमत आता कळते. बी४५० वर बायॉस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. कोर सहाच, पण दोन पिढ्या पुढचे. धरा ११ हजार. एक खबरदारी, बायॉस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचं, नवा बसवून पीसी चालूच होत नाही म्हणून दुकानात धावणारे बरेच असतात. कार्ड दमलेलं निघालं, तर आरएक्स ६६०० च्या वर्गातलं ८ जीबीचं कार्ड, २२ हजार. त्याला कंपनी ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेसा म्हणते, म्हणजे तुमचा चालेल, फक्त आठ पिनची वायर आहे का बघा. आरटीएक्स ५०६० या कार्डाला ५५० वॉटचा सांगतात, तिथे एसएमपीएसचा खर्च चिकटतो. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॉटच पेलतो, हेही कार्ड निवडताना डोक्यात ठेवा. आणि तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर ६० च्या वरचे फ्रेम तुम्हाला दिसणारच नाहीत, त्यासाठी जास्तीचं कार्ड घेऊ नका.

तिन्ही गोष्टी घ्याव्या लागल्या तरी ३८ हजार. जुनं १६५० आणि प्रोसेसर विकून ८ हजार आले, तर निव्वळ ३०. तीन वर्षं, आठवड्याला आठ तास, म्हणजे १,२४८ तास. तासाला २४ रुपये. वीज वेगळी: ३०० वॉटने महिन्याला ३५ तास म्हणजे साडेदहा युनिट, ते किरकोळ. फक्त महावितरणच्या बिलात तुम्ही ३०० युनिटच्या कडेला असाल, तर वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात.

पैसे कुठून? बचत खात्याला फार हात लावू नका. १ लाख १० हजार म्हणजे तुमच्या घराचा सव्वादोन महिन्यांचा खर्च, लहान मूल आणि भाड्याचं घर असताना हे कमीच आहे. रॅमचे ५ हजार त्यातून घ्या. पुढचं असं करा: दुकानदाराला ४,४४४ चा हप्ता द्यायची तुमची तयारी आहेच, तोच या महिन्यापासून आरडीत भरा. सात महिन्यांत ३१ हजार जमतात, म्हणजे रॅमचे पैसे परत खात्यात टाकून, जुने भाग विकून उरलेल्या दोन्ही गोष्टी होतात. राहिलेले अकरा महिने तोच हप्ता बचत खात्यात गेला, तर १८ महिन्यांनी तुमच्याकडे चालणारा पीसी आणि जवळपास १ लाख ५९ हजार शिल्लक असेल. नव्या पीसीच्या वाटेने त्याच दिवशी शिल्लक १ लाख १० हजारच राहते, आणि नवा पीसी तोवर जुना झालेला असतो. दुचाकीचे ३,४०० नऊ महिन्यांनी सुटतील, त्यातली पत्नीची वाटणी मी वर म्हणालोच.

माझं मत बदलेल अशी एकच परिस्थिती आहे. बोर्डच गेला, तर जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) नवा बोर्ड शोधत बसण्यात अर्थ नाही, तेव्हा नव्याचा विचार करा. आणि त्या पीसीवर तुम्ही कमाईचं काम करत असतात, तर हिशेब वेगळा झाला असता. नोकरदाराला पगाराच्या उत्पन्नातून पीसीची वजावट मिळत नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' असं कुणी म्हणालं तर हसून सोडा.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी, त्याच्या पीसीवर, अर्धा तास गेम चालवून बघा. बिल मागा, वॉरंटी सीरियल नंबरवरून तपासा. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर शनिवारची संध्याकाळ टाळा. आणि जुनी कांडी काढून खिशात न्या. तिच्यावरच्या स्टिकरचा वेग आणि नंबर दाखवून "हिच्या जोडीची द्या" म्हणा, नाहीतर दुकानदार हाताला येईल ती देतो.