रात्री दहानंतर कपाटात

ताई, माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे, इथे नाशिकलाच एका सीएंकडे नोकरी करते. डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर सांगितलंय, म्हणजे भावना आवरताच न येण्याचा एक व्यक्तिमत्त्व विकार. लहानपणापासून हळवी होतीच, पण गेली तीन वर्षं घरात कधी काय होईल सांगता येत नाही. सकाळी गळ्यात पडते, संध्याकाळी ‘तू माझी आईच नाहीस’ म्हणते. दोनदा हाताला इजा करून घेतली, जानेवारीत आणि परत मार्चमध्ये, दोन्ही वेळा मध्यरात्रीनंतर. आधीचे दोन समुपदेशक तिनंच सोडले. आता पाच महिने पुण्याच्या एका मॅडमकडे ऑनलाइन डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) चालू आहे, शिवाय आठवड्याला एक क्लास. जागरणं नकोत म्हणून रात्री दहाला तिचा मोबाईल आणि चार्जर माझ्या कपाटात ठेवते, एवढी शिस्त तरी घरात आहे. पण फरक काय पडला? मॅडमनी तिला बजावून सांगितलंय, ‘फारच असह्य झालं तर आधी मला फोन कर.’ एकदाही केला नाही. म्हणजे तिलाच बरं व्हायचं नाही, असं नाही का? हे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. थेरपीनं असली माणसं खरंच सुधारतात का, की आम्ही नुसता पैसा ओततोय?
– एक आई, नाशिक

अहो, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी जीव तुटला. दुसऱ्यांदा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

तुमचीच दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. रात्री दहाला मोबाईल माझ्या कपाटात. असह्य झालं तर फोन कर सांगितलं होतं, एकदाही केला नाही.

कशावरून करणार होती? लँडलाइन आहे तुमच्याकडे?

रात्रीचा एक वाजलाय असं समजा. पोरीच्या डोक्यात काहूर माजलंय, हात थरथरतोय, आणि मॅडमनी शिकवलेलं तिला आठवतंयही. आता फोन हवा तर उठायचं, आईबाबांच्या खोलीचं दार वाजवायचं. बाबा कूस बदलून म्हणणार, ‘आता काय नवीन?’ तुम्ही दिवा लावणार, चष्मा शोधणार, ‘कुणाला करायचाय एवढ्या रात्री?’ विचारणार, आणि मग किल्ली. मी धडधाकट बाई आहे, पण मीसुद्धा ते दार वाजवलं नसतं. आणि हे तिनं मॅडमना सांगितलं नसेल, असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं. तेवीस वर्षांची, लोकांचे जीएसटी रिटर्न भरणारी मुलगी कुठल्या तोंडानं सांगणार की रात्री माझा मोबाईल आई काढून घेते?

मॅडमनी फोन करायला सांगितलं तो काही त्यांचा मोठेपणा नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. डीबीटीच्या खाटेला चार पाय असतात. आठवड्याचं सेशन, कौशल्यं शिकवणारा क्लास, मधल्या काळात अडचणीच्या वेळी फोन, आणि चौथा आपल्याला न दिसणारा, थेरपिस्ट मंडळींची आपापसातली बैठक, कारण हे काम करणाराही थकतो. क्लासमध्ये शांतपणे शिकलेली गोष्ट भडका उडालेला असताना वापरायची कशी, हे त्या फोनवर शिकायचं असतं. पाच-दहा मिनिटांचा फोन. आत्ता काय होतंय, काय करून पाहिलंस, आता हे कर. बास.

आणि त्या फोनचा एक नियम असतो, तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. फोन आधी करायचा. इजा करून घेतली की पुढचे चोवीस तास या मदतीच्या फोनला सुट्टी. जिवावरचं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे जानेवारीतल्या त्या सकाळी तुम्ही कपाट उघडून मोबाईल परत दिलात, तेव्हा फोनची वेळ टळून गेलेली होती.

तुम्ही मोबाईल का काढून घेता हेही मला कळतं. मैत्रिणीला एकामागून एक चाळीस मेसेज, ब्लॉक, परत अनब्लॉक, पहाटे चारपर्यंत रडारड; या आजारात हे घरोघरी चालतं. पण तो विषय तिनं आणि मॅडमनी मिळून सोडवायचा आहे. तुम्ही त्यावर कुलूप शोधून काढलंत आणि त्या कुलपात तिचं औषधही अडकलं.

आता तुमचा प्रश्न. ‘असली माणसं’ हा शब्द पुन्हा वापरू नका, पण प्रश्न रास्त आहे.

तुमचे हे म्हणतात ती म्हण शब्दशः खरी आहे. या आजारावर म्हणून मंजूर झालेलं एकही औषध आजवर नाही. झोपेसाठी, नैराश्यासाठी डॉक्टर गोळ्या देतात, त्या माझं वाचून बंद करायच्या नाहीत. पण मूळ आजारावर जे काही चालतं ती थेरपीच. डीबीटी ज्यांनी उभी केली त्या मार्शा लिनहान अमेरिकेतल्या सिएटलच्या विद्यापीठातल्या. 1991 साली त्यांनी पहिली तुलनात्मक चाचणी छापली. या थेरपीनं स्वतःला इजा करण्याचे प्रसंग कमी झाले, रुग्णालयातले दिवस कमी झाले, आणि उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या बायकाही खूप कमी झाल्या. वीस वर्षांनी, 2011 मध्ये, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दोन वर्षांहून जास्त काळ होत्या, अशाच जखमांसाठी. ‘असली माणसं’ म्हणालात म्हणून सांगितलं.

त्यानंतर पुष्कळ काम झालं. 2020 मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी या एका आजारावरच्या थेरपीच्या 75 चाचण्या एकत्र तपासल्या, साडेचार हजारांवर माणसं. आजाराची तीव्रता थेरपीनं कमी होते, हे त्यातून दिसतं. जादू होते असं मात्र दिसत नाही. अमेरिकेतल्याच मॅक्लीन रुग्णालयातून गेलेल्या 290 रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा 93 टक्क्यांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी आजार म्हणण्याच्या पातळीखाली गेलेली होती. पण त्याबरोबर नोकरी आणि नातीही मार्गी लागली ती साधारण निम्म्यांचीच. हा दुसरा आकडा मी मुद्दाम सांगतेय. वादळ शमतं, पण त्यानंतर घर पुन्हा लावायला वेळ लागतो. सगळ्याच व्यक्तिमत्त्व विकारांबद्दल एवढं ठामपणे बोलता येत नाही. गुन्हेगारी वळणाच्या असामाजिक विकारात तर पुरावा फारच तोकडा आहे. तुमच्या लेकीला झालेला त्यातल्या त्यात सर्वात जास्त अभ्यासलेला.

आणि पाच महिने म्हणजे काय हो? डीबीटीचा नेहमीचा पल्ला वर्षाचा. दोन समुपदेशक सोडणारी मुलगी या मॅडमकडे पाच महिने टिकलीय, क्लासलाही जातेय, आणि तुम्ही विचारताय फरक काय पडला. हाच पडला. या आजाराच्या थेरपीतून मध्येच उठून जाणारे कितीतरी असतात.

लिनहान म्हणायच्या, ही माणसं भाजलेल्या माणसासारखी असतात, अंगावर कातडीच नाही, साधा स्पर्शही झोंबतो. तुमचा आवाज रोजचाच असेल, तिला तो चटक्यासारखा लागतो. यात तुमचा दोष काढायला मी बसलेले नाही. कपाट मात्र तुमचं आहे.

तेव्हा एकच करायचं, आणि आजच. रात्री दहाला तिच्या खोलीत मोबाईल मागायला जाऊ नका. जेवताना तिला सांगा, ‘मोबाईल आजपासून तुझ्याकडेच राहील, मॅडमना फोन करायचा तर कर, मी विचारणार नाही.’ एवढंच. पुढे ‘पण’ नको. ती फटकन म्हणेल, ‘आता सुचलं का?’ ऐकून घ्या, आमटी वाढा. मध्यरात्री भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज आला तर दाराला कान लावायचा नाही, आणि सकाळी ‘कुणाशी बोलत होतीस?’ही नाही. या आठवड्यात तिच्यादेखत मॅडमना सांगून टाका की इतके दिवस फोन तुमच्या कपाटात होता. लाज वाटेल. वाटू द्या.

मॅडमचा फोन लागला नाही तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, रात्रंदिवस आणि मराठीत बोलता येतं. नंबर तिच्या मोबाईलमध्ये असू दे, तुमच्याही. जखम खोल असेल किंवा ती जिवाचं काही बोलली, तर फोनबिन बाजूला ठेवून थेट रुग्णालयात न्या.

कुलूप रिकामं राहील म्हणून चुटपुट लागत असेल तर घरातल्या गोळ्यांचा डबा, ह्यांच्या बीपीच्या धरून, त्या कपाटात ठेवा. ती जागा त्यांचीच होती.

आणि चार्जर द्यायला विसरू नका.